सातवा भाग खालच्या फळीवर

मित्रांनो, तुमच्या घरात पुस्तके ठेवायला जे काही असेल, तसलीच मी एक जुनी मांडणी. दोन फळ्या आणि दोन बाजू, एवढेच माझे अंग. वरच्या फळीला एका टोकाशी आरपार भोक आहे. नवीन माणूस ते बघून विचारतो, "इथे उंदरानं कुरतडलं का?" उंदराने नाही. तिथे कुलूप होते. मांडणी होण्याआधी मी दार होते.

एका दुकानाचे मी मागचे दार. दुकानदाराने लोखंडी शटर बसवले आणि मला भिंतीला टेकवून ठेवले. शटरचे कुलूप बसवायला किल्लीवाला आला होता. त्याने मला बोटाने ठोकून पाहिले.

"लाकूड चांगलं आहे. नेऊ का?"

"न्या की. अडगळच आहे," दुकानदार म्हणाला.

किल्लीवाल्याने मला हातगाडीवर घालून घरी आणले. घर दोन खोल्यांचे. त्याने मला कापले, रंधा मारला, घासले, ठोकले. दुखले का, असे तुम्ही विचाराल. लाकडाला तसे काही होत नाही.

"हे भोक बुजवतो," तो म्हणाला.

"राहू द्या हो. पेन्सिल ठेवायला होईल," त्याची बायको म्हणाली, आणि तिने लगेच तिथे पेन्सिल खोचलीसुद्धा.

बायको एका लॅबमध्ये तपासणीसाठी रक्त काढायचे काम करी. तिचा हात हलका. सुई कधी टोचली ते कळलेच नाही, असे पेशंट म्हणत. लॅबमधले सगळे तिला डासताई म्हणत. ती चिडत नसे. फोन आला की स्वतःच सांगे, "हां, डासताई बोलतेय."

मला घराच्या दाराशेजारी उभे केले. शेजारी आले की म्हणत, "वा, दाराची मांडणी केलीत! छान झालीय." तेव्हा मी नवी होते. माझ्या फळ्या सरळ होत्या.

आता माझ्यावर काय होते ते सांगते. दोघांनाही एकच वेड होते, व्हॅम्पायरच्या पुस्तकांचे. मेल्यावर परत येणारी आणि माणसाचे रक्त पिऊन राहणारी भुते, त्यांच्या गोष्टी. पण वेड एक असले तरी मालिका वेगळ्या होत्या. त्याची मालिका 'लाल पहारा'. अकरा जाडे भाग. रात्रपाळीचे पहारेकरी शहरात व्हॅम्पायर शोधतात आणि मारतात. तिची मालिका 'उंबऱ्याबाहेर'. सात भाग. त्यात एकच शिंपीण आणि तिचा बुडून मेलेला नवरा. तो रोज संध्याकाळी दाराशी येतो, पण आतून कोणी 'ये' म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही.

वरची फळी डोळ्यांसमोर येते. खालच्या फळीसाठी वाकावे लागते. मांडणी मी केली, म्हणून माझी मालिका वर, असे तो म्हणाला. ती म्हणाली, "असं नाही चालणार. दोघांनी दोन्ही मालिका पुरत्या वाचायच्या. जी चांगली ठरेल ती वर." तोवर त्याचे अकरा भाग वर राहिले आणि तिचे सात खाली.

मग घरात वाद सुरू झाला. तो किती वर्षे चालला ते मला मोजता येत नाही. भाजी चिरताना वाद, कपडे वाळत घालताना वाद.

"पन्नास पानं झाली आणि तुझी बाई अजून शिवतेच आहे," तो म्हणे. "माझ्यात पन्नास पानांत दोन मारामाऱ्या होतात."

"आणि मेलेला पुन्हा उठतो. तो टकल्या पहारेकरी दुसऱ्या भागात मेला, पाचव्यात मेला, आता नवव्यात पण मेला. तुमच्याकडे मरणाला काही किंमतच नाही."

"पण पान उलटतं की नाही, ते बोल."

"उलटतं," ती कबूल करी. "पण मानेतून एवढं रक्त गेल्यावर हा जिना चढतो कसा? आमच्याकडे एक नळी काढली तरी माणसं खुर्चीत घेरी येऊन पडतात."

त्याचा आक्षेप धंद्याचा होता. "नुसतं 'ये' म्हटलं नाही म्हणून भूत आत येत नाही? मग आमचा कुलपाचा धंदा बसलाच म्हणायचा."

"तुमची कुलपं चोरासाठी. घरचंच माणूस दारात उभं राहिलं तर कुलूप काय करणार?"

 तो चहा पीत राहिला.

मध्ये लॅबमधल्या एका मुलीने तिला तिसरीच एक मालिका दिली. त्यात व्हॅम्पायर मुलगा कॉलेजात असतो आणि एका मुलीच्या प्रेमात पडतो. ते तीन भाग काही दिवस माझ्यावर आडवे पडले होते. डासताईने वाचले आणि म्हणाली, "तीनशे वर्षांचा झाला आणि अजून बारावीतच. नापास होतो की काय दरवर्षी?" तो इतका हसला की त्याला ठसका लागला. तिने पाठ चोळली आणि म्हणाली, "पण मुलीचं मन बरोबर लिहिलंय हं. ते तुमच्या अकरात एकदाही नाही." नावडत्या पुस्तकातलेही चांगले ती सांगायची.

याच दिवसांत तिने एक खोड लावून घेतली. लॅबमधून घरी आली की बेल वाजवून बाहेरच उभी राही. किल्ली तिच्या पिशवीतच असे. किल्लीवाल्याची बायको ती, तिच्याकडे किल्ली नसेल कशी? तो दार उघडायचा आणि ती बाहेरच.

"अगं, चल ना आत."

"असं नाही. बोलवा, तरच येईन."

"ये बाई, ये."

मग ती आत येई. आधी तो वैतागायचा. नंतर दार उघडतानाच म्हणू लागला, "ये." मी दाराशेजारीच असल्यामुळे हे मी रोज ऐकले.

तिने त्याची मालिका पूर्ण वाचली, अकराही भाग. आपलीही संपवली. सातवा भाग मिटून तिने तो थोडा वेळ हातात धरून ठेवला.

"कसा आहे?" त्याने विचारले.

"आता नाही सांगणार. तुमचं वाचून होऊ दे. आधीच सांगितलं तर तुमचं मत नासेल."

तो तिसऱ्या भागाच्या पुढे सरकत नव्हता. कधी काम असे, कधी डोळे दुखत. कधी त्याला नुसता कंटाळा येई.

मग ती आजारी पडली. कसला आजार ते मला नीट कळले नाही. ती लॅबमध्ये जाईनाशी झाली. पुस्तक तिच्या हातात राहीना. तो तिच्याजवळ बसून राही. एक दिवस तो उठला आणि माझ्या वरच्या फळीवरून आपली पुस्तके काढू लागला.

"काय करताय?" तिने आतून विचारले.

"तुझी वर ठेवतो. तू जिंकलीस."

"वाचलंत का?"

त्याचा हात पुस्तकावरच थांबला.

"मग ठेवा ती होती तशी. मला दया नको. वाचा आणि ठरवा. तुमची चांगली वाटली तर तसं सांगा. पण न वाचता वर ठेवलीत तर मला चालणार नाही."

त्याने पुस्तके परत ठेवली.

काही आठवड्यांनी दोघे गाडीने दवाखान्यात गेले. तो एकटा परत आला. किल्लीने दार उघडून आत आला आणि दार लावले.

त्यानंतरचे सांगण्यासारखे फारसे नाही. माणसे आली, बसली, गेली. तो सकाळी आपल्या किल्ल्यांच्या दुकानावर जाई, संध्याकाळी येई, भात लावी, जेवी. माझ्यावर धूळ बसली. वरची फळी आधीच मध्ये वाकली होती, अकरा जाड्या पुस्तकांच्या भाराने. ते कोणी पाहिले नाही. मलाही त्याचे काही वाटले नाही. तो माझ्यासमोरून जाई आणि माझ्याकडे बघत नसे. पेन्सिल भोकात तशीच होती.

त्याची धाकटी बहीण अधूनमधून डबा घेऊन येई. बेल वाजे. तो दार उघडायचा आणि नुसता उभा राही.

"दादा, मी काय दारातच उभी राहू? ये तरी म्हण."

तो बाजूला होई. ती आत येई. 'ये' असे त्या घरात आता कोणी कोणाला म्हणत नव्हते.

एकदा तिने लॅबचा निरोप आणला. वहिनीच्या आठवणीसाठी तिथे, पेशंट बसतात त्या खोलीत, तिची पुस्तके ठेवायची होती.

"चांगलं आहे की रे. इथे धूळच खातायत. पुढच्या वेळी खोकं घेऊन येते."

"थांब," तो म्हणाला. "माझा निकाल व्हायचाय."

"कसला निकाल?"

त्याने सांगितले. बहीण ऐकत राहिली. मग म्हणाली, "अरे, तिचीच चांगली म्हण आणि ठेव वर. आता काय जातंय तुझं?"

"तिला चाललं नसतं."

"ती आहे का बघायला?"

"नाही. म्हणून तर."

बहीण गेल्यावर त्याने माझ्या खालच्या फळीवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली आणि चौथा भाग काढला.

मित्रांनो, दया म्हणून वाचणारा माणूस भरभर वाचतो. हा तसे वाचत नव्हता. एखादे पान आवडले नाही की "काय पण!" म्हणे. चौथ्यात त्याने बऱ्याचदा तोंड वाकडे केले. पाचव्यात एकदाच. पाचव्यात तो मेलेला नवरा शिंपिणीला दाराबाहेरून विचारतो, "माझा सदरा अजून खुंटीला आहे का?" ती सुईत दोरा ओवत राहते. किल्लीवाला ते वाचून बोलला, "हे बरं लिहिलंय." खोलीत दुसरे कोणी नव्हते.

सहाव्या भागात नवरा काही मागत नाही. नुसता उभा राहतो. शिंपीण दाराला पाठ लावून बसते आणि शेवटी म्हणते, "जा आता." आणि तो जातो. किल्लीवाल्याने पुस्तक मांडीवर उपडे ठेवले. दाराकडे पाहिले. मग उठून दाराजवळ आला आणि कडीवर हात ठेवला. त्याचे तोंड उघडले. मी जवळच होते, तो काय म्हणणार हे मला ठाऊक होते. तो बोलला नाही. कडी तशीच ठेवून परत जाऊन बसला आणि राहिलेले पान वाचले.

सातव्यात नवरा पुन्हा येतो आणि शिंपीण म्हणते, 'ये.' तो आत येतो. तो आता चांगला झालेला असतो. दोघे हसतात, जेवतात, आणि मालिका संपते. ते पान त्याने दोनदा वाचले. मग पुस्तक मिटले.

"खोटं आहे," तो म्हणाला. "सहा भाग दार धरलं आणि सातव्यात लिहिणाऱ्यानं कच खाल्ली. आमचा टकल्या बरा."

बायकोला सातवा भाग आवडला होता की नाही, मला माहीत नाही. त्यालाही नाही. ती सांगणार होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्याने माझी वरची फळी रिकामी केली, पुसली आणि तिथे 'उंबऱ्याबाहेर'चे सहा भाग ठेवले. सातवा खाली ठेवला, आपल्या अकराच्या रांगेत, टकल्याशेजारी.

"भांड आता," तो म्हणाला. मग भात लावायला गेला.

संध्याकाळी बेल वाजली. बहीण होती, बगलेत रिकामे खोके. त्याने दार उघडले.

"ये," तो म्हणाला.

ती दारातच थांबली. तिने त्याच्याकडे बघितले. मग आत आली आणि खोके खाली ठेवले. "वहिनीची काढू?"

"नाही. माझी ने. तिथे बसलेल्या माणसाला सुईची भीती वाटत असते. त्याला भराभर उलटणारी पानं हवीत. तिची तिथे कोण वाचणार? ती घरी वाचायची आहेत."

"आणि वहिनीचं हे एक खाली कसं?"

"ते इथेच राहू दे. त्यावर वाद आहे."

अकरा भाग खोक्यात गेले. सातव्याला टेकायला कोणी उरले नाही. तो पडला. किल्लीवाल्याने त्याला आडवा ठेवला. तो अजून तसाच आहे.

मित्रांनो, माझ्यासारखी मांडणी तुमच्या घरी असेल तर तिला कोरड्या फडक्याने पुसत जा. ओला पेला ठेवू नका. जाडी पुस्तके एकाच फळीवर वर्षानुवर्षे रचू नका. आणि घरात दोघांचा पुस्तकावरून वाद चालू असेल तर आपल्या वाट्याचे वाचून टाका, दोघेही घरात आहेत तोवर.

माझ्या वरच्या फळीवरचा भार गेला, पण फळी सरळ झाली नाही. लाकूड एकदा वाकले की वाकलेलेच राहते. त्याने अडत काही नाही. त्याच्या अकरा भागांनी मध्ये जो खोलगटपणा केला, तिथे तिचे सहा भाग एकमेकांना टेकून उभे आहेत. त्यांना दुसरा आधार लागत नाही.