मुळातच गार घर

दुपारच्या शांततेत कूलर कोरडा घरघरला. पाणी संपलं की तो असाच घसा खाकरतो. तो आवाज फक्त मलाच ऐकू येतो, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं आहे.

"अगं, पाणी संपलं वाटतं," बाहेरच्या खोलीतून ताईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेने, हाक दिली.

मी स्वयंपाकघरात फरशीवर चिऊशेजारी पडले होते. चार वर्षांची पोर, अंगात नुसती चड्डी, पाठ घामोळ्यांनी लालबुंद. आत्ता कुठे तिचा डोळा लागत होता. तिच्या पाठीवरचा ओला पंचा मी उलटा केला, मानेवर हळूच फुंकर घातली आणि बादली घेऊन उठले.

कूलर घरात एकच, तोही मागच्या उन्हाळ्यात चिऊसाठीच घेतलेला. पण ताई आणि भाऊजी चार दिवस राहायला म्हणून आले आणि पहिल्याच दुपारी चिऊची रवानगी आत झाली. ती झोपेत चुळबुळ करते, मध्येच गाणं म्हणते, भाऊजींची झोप मोडते. ते चार दिवस कधीच उलटून गेले.

बाहेर तिघं कूलरसमोर ओळीने आडवे होते. तिसरा माझा नवरा. त्याला सुट्टी होती, आणि भाऊजींना सोबत हवी ना.

मी बादली ओतली. वारा पुन्हा ओला झाला, तशा ताई समाधानाने कुशीवर वळल्या. तेवढ्यात माझ्या गालाला झळ लागली. पश्चिमेची खिडकी सताड उघडी, आणि तिच्यावर टांगलेली ओली चादर खुर्चीवर नीट घडी घालून ठेवलेली.

"चादर कुणी काढली?"

"मी," भाऊजी डोळे मिटूनच म्हणाले. "कोंडल्यासारखं होत होतं. म्हटलं, जरा हवा येऊ दे. घडी बघ कशी घातलीय. तुझ्या ताईंना पटतच नाही, मला घडी घालता येते."

हवा कसली, भट्टीच ती. पहाटे सगळ्या खिडक्या उघडायच्या आणि ऊन यायच्या आत लावून घ्यायच्या. स्वयंपाकही तेव्हाच उरकायचा, म्हणजे दुपारी गॅस पेटत नाही. चादर सुकत आली की पुन्हा भिजवायची. आमच्या डोक्यावर थेट गच्ची. उन्हाळा लागताना तिच्यावर चुन्याचे दोन हात मीच मारले होते. बोटांची सालं निघाली तेव्हा नवरा म्हणाला होता, "हातमोजे घालायचेस ना."

मी खिडकी लावली, चादर भिजवून पुन्हा टांगली. तिघांपैकी कुणीही उठलं नाही.

"उठलीच आहेस तर चहा टाक," नवरा म्हणाला.

म्हणजे भर दुपारी गॅस पेटलाच. चिऊ त्या धगीपासून सरकत सरकत भिंतीला जाऊन चिकटली.

चहा घेताना भाऊजी खुशीत आले. "खरं सांगू? हे म्हणजे थंड हवेचं ठिकाण आहे. फिरायला घोडे तेवढे नाहीत."

"घरच मुळात गार आहे," ताई म्हणाल्या. "असतात काही वास्तू अशा. आमच्याकडे तीन पंखे लावले तरी नुसती गरम हवा फिरते. मी तर आमच्या थोरल्या लेकीलाही मुलांना घेऊन बोलावलंय. शाळा उघडेपर्यंत राहू सगळे."

"राहा की," नवरा म्हणाला. "आमचं घर आहेच तसं. घेतानाच मी दिशा बघून घेतलं होतं."

गच्चीखालचं, पश्चिमेला खिडकी असलेलं घर. दिशा बघून घेतलेलं.

आत चिऊ झोपेतच पाठ खाजवत कण्हली. माझ्या हातात अजून ट्रे होता.

"घर गार नाहीये," मी म्हणाले. "ते मी गार करते."

भाऊजी हसले, पण दुसरं कुणीच हसत नाही म्हटल्यावर थांबले.

"म्हणजे?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे उद्या मी काहीच करणार नाही. घर मुळात कसं आहे ते एकदा बघा, आणि मग थोरलीला बोलवा."

"अगं, पाहुणे आहेत ते," नवरा दबक्या आवाजात म्हणाला.

"आणि आत फरशीवर आहे ती?"

"लहान मुलांना एवढं नसतं गं उकडत," ताई म्हणाल्या. "आमच्या वेळी कुठे होते कूलर? वाढलीच ना पोरं." बोलता बोलता त्यांनी कूलरच्या पट्ट्या स्वतःकडे वळवल्या.

मी ट्रे खाली ठेवला. आत जाऊन चिऊची गादी आणली आणि बरोबर कूलरसमोर घातली. भाऊजींना पाय आखडून घ्यावे लागले. मग चिऊला उचलून आणून गादीवर पालथं निजवलं. ताईंनी तिची पाठ पाहिली आणि नजर कपात घातली. मी हात लांब करून पट्ट्या चिऊकडे फिरवल्या.

गार वारा पाठीवर आला, तशी ती जागी झाली. आधी कूलरकडे पाहिलं, मग एकेक करून सगळ्या मोठ्या माणसांकडे. कुणी रागवत नाही याची खात्री झाल्यावर तिने मला कान खाली आणायची खूण केली, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"आई, आता मीपण पाहुणी झाले का?"