शनिवारचं उद्यापन

आमोदनी सिगारेट सोडली, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की बाहेर कुणीतरी आहे.

लग्नाला अडीच वर्षं झाली. पहिल्या महिन्यापासून मी सांगत होते, सिगारेट सोडा. कधी गोड बोलून, कधी देवाची शपथ घालून. ते हसून गॅलरीत निघून जायचे. आणि आता कुणी काही न बोलता पाकीट कचऱ्याच्या डब्यात गेलं. मग पहाटे उठून चालायला जाणं सुरू झालं. जेवताना भात कमी केला. झोपताना मोबाइल बाहेरच्या खोलीत राहू लागला. सासूबाई म्हणाल्या, "सुधारला गं माझा मुलगा." मी देवघरातली समई पुसत होते. मनात म्हटलं, सुधारले, पण कुणासाठी?

नवरा-बायकोत जे असतं ते आमच्यात वर्षभर नव्हतं. सुरुवातीला होतं. मग एकदा जमलं नाही, पुन्हा एकदा जमलं नाही आणि मग ते जवळ यायलाच कचरू लागले. एकतीस वर्षांचा धडधाकट माणूस. मी हळूच विचारलं, तर "ऑफिसचं टेन्शन आहे गं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. हे बोलायचं तरी कुणाशी? मी देवाशी बोलले. दत्ताचा गुरुवार माझा लहानपणापासूनचा. त्याला जोडून सोमवार धरला. फरक पडेना, तेव्हा मंगळवार. दिवाळीनंतर शनिवार, मारुतीचा. व्रताच्या दिवशी मी खाली चटईवर झोपते, माहेरी तसाच नियम होता. हे सगळं कशासाठी, ते त्यांना सांगितलं नाही. ज्याच्यासाठी व्रत धरलं त्याला ते ऐकवून दाखवायचं नाही, असं आईने शिकवलेलं.

फाल्गुनात एकदा ते आंघोळीला गेले असताना त्यांचा मोबाइल ओट्यावर वाजला. पडद्यावर आठवण झळकत होती: 'शेफाली. गुरुवार ६. स्वारगेट, तुळजाई चेंबर्स, दुसरा मजला.'

गुरुवारी सहाला त्यांची मीटिंग असते, असं ते दोन महिने सांगत होते. आणि गुरुवारी सहाला मी धायरीच्या दत्तमंदिरात असते, आरती होऊन घरी यायला साडेसात वाजतात. म्हणजे माझी आरतीची वेळ त्यांनी तिला देऊन टाकली होती. इतर कुठली दिली असती, तर कदाचित एवढं लागलं नसतं.

तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत. जप करताना माळेच्या मण्यावर दत्ताऐवजी तेच नाव यायचं. शेफाली. ती ड्रेस घालत असेल, केस मोकळे सोडत असेल, कुठलेच उपवास करत नसेल. तिच्यासमोर त्यांना टेन्शन येत नसेल.

बुधवारी जेवताना मी म्हटलं, "उद्या मीटिंग आहे ना?"

"आहे. का गं?"

"निळ्या शर्टाला इस्त्री करून ठेवलीये."

"मीटिंगला कोण बघतंय शर्ट?"

"बघणारं असतं की कुणीतरी."

मी आमटी वाढली.

गुरुवारी सासूबाईंना "आरतीला जाते" म्हणून निघाले आणि मंदिरावरून तशीच पुढे जाऊन स्वारगेटची बस धरली. लहानपणापासून आरती चुकली होती ती फक्त आजारपणात. पिशवीत नैवेद्याचा पेढ्यांचा डबा तसाच होता. बसमध्ये ठरवत होते, काय बोलायचं. आवाज चढवता मला येत नाही. वाटलं, नुसतं जाऊन दारात उभं राहायचं. तेवढं पुरे.

दुसऱ्या मजल्यावर एकच दार होतं आणि त्यावर पाटी: 'डॉ. शेफाली. मनोविकार व लैंगिक समस्या.'

पाटी वाचायला लागतो तेवढाच वेळ मला हायसं वाटलं. मग आतून हसण्याचा आवाज आला. आमोदचा. पोटातून येणारं, मधेच खोकल्यासारखं अडकणारं ते हसू मी वर्षभर ऐकलं नव्हतं.

डॉक्टर आहे हे कळल्यावर जळफळाट निवायला हवा होता. तो वाढलाच. दुसऱ्या बाईशी भांडता तरी येतं. जे मला सांगितलं नाही, ते हिला सांगून हा माणूस हसत होता.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "नाव?"

"आत आहेत त्यांची बायको."

त्या आत जाऊन विचारून आल्या. पाठोपाठ आमोद स्वतःच दाराशी आले. चेहरा पांढराफटक. "तू? आरती...?"

"चुकली," मी म्हटलं.

डॉक्टर पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, डोळ्यांवर जाड चष्मा. मी आठवडाभर जिच्यावर जळत होते, ती ही नव्हतीच. तरी खुर्चीत बसल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं ते काही बऱ्या नजरेने नाही.

"मी यांना तीनदा म्हटलं, बायकोला घेऊन या," त्या म्हणाल्या. "म्हणे गुरुवारी आरती. मी म्हटलं मग सोमवारी. तर सोमवारी उपवास. तुमचे वार मला पाठ झालेत. आमोद, यांच्यासमोर बोललं तर चालेल ना?"

त्यांनी मान हलवली.

मग त्या बोलल्या, साध्या आवाजात, एखाद्याच्या गुडघ्याबद्दल बोलावं तशा. रक्त तपासलं होतं. साखर काठावर होती, बाकी सगळं ठीक. सकाळी जाग येताना शरीर नेहमीसारखं प्रतिसाद देतं, त्यावरून शरीरात मोठा बिघाड दिसत नाही. पहिल्यांदा जमलं नाही, तेव्हा कामाचे दिवस वाईट होते, झोप चार तासांची, वर सिगारेट. सिगारेटने रक्तवाहिन्या आखडतात. तेवढं एकदा झालं आणि पुढच्या वेळी मनात भीती बसली. "माणूस घाबरलेला असला, की शरीर हे काम बाजूला ठेवतं. कुणाचंही ठेवेल. तरुण मुलांमध्ये हे खूप दिसतं, फक्त ती येत नाहीत. भिंतीवरची जाहिरात वाचून चूर्ण घेतात."

"चूर्ण?" मी आमोदकडे वळले.

"चार महिने घेतलं," ते खाली बघत म्हणाले. "छाती धडधडायला लागली, म्हणून इथे आलो."

चार महिने माझ्या स्वयंपाकघरात, मीच तापवलेल्या दुधातून. आणि हेही आधी डॉक्टरांना माहीत, मग मला.

"भीती कसली पण?" मी विचारलं. "मी कधी एका शब्दाने काही म्हटलंय?"

आमोदनी खिशातून घडी केलेला कागद काढला. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान. मला वाटलं होतं, सासूबाईंनी रद्दीत टाकलं. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या आणि माझे ते चार दिवस, सगळ्यांवर पेन्सिलीच्या फुल्या.

"उरतात ते आठ-नऊ दिवस," ते म्हणाले. "त्या दिवशी सकाळपासून परीक्षा असल्यासारखं व्हायचं. आज नाही जमलं, तर पुन्हा कधी. आणि नापास झालो, की तू आणखी एक वार धरायचीस. सोमवार धरलास, मंगळवार धरलास. शनिवार धरलास, तेव्हा मी समजून चुकलो."

"काय समजलात?"

"मारुतीचा उपवास. ब्रह्मचाऱ्याचा देव. तुला आता हे नकोच आहे आणि तू सभ्यपणे सांगते आहेस."

"अहो, मारुती शक्तीचा देव. तुम्हाला बळ मिळावं म्हणून धरला मी. सगळेच वार तुमच्यासाठी होते. चटईवर पडून दर वेळी तुमचंच नाव घेत होते."

"मला काय माहीत? तू कधी बोललीस?"

"तुम्ही तरी?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

मग त्यांनी सांगितलं, सहा आठवडे प्रयत्न करायचाच नाही. अगदी मनाई. रोज वीस मिनिटं नुसतं जवळ बसायचं, पाठीवर, हातावर हात ठेवायचा. कसं वाटतं ते बोलायचं, त्यापुढे जायचं नाही. गोळी लागली, तर रक्तदाब बघून पुढे देता येईल. "उपवास सोडा असं मी म्हणणार नाही. चटईचं मात्र तुम्ही दोघांनी ठरवा."

"रोज म्हणजे, खाडा करायचा नाही?" मी विचारलं.

"नाही."

"मग जमेल मला."

जिना उतरताना मी आमोदना म्हटलं, "एक अट आहे. गुरुवारी त्यांना जे सांगाल, ते बुधवारी मला सांगायचं. आधी मला."

"अगं, त्या डॉक्टर आहेत."

"म्हणूनच सहा आठवड्यांची सूट देते."

पेढे तिथेच जिन्यात उघडले. मी उपवास म्हणून अर्धा घेतला.

चार आठवडे झाले आहेत. वीस मिनिटं एकदाही चुकली नाहीत. चटई गुंडाळून माळ्यावर गेली आहे. दर बुधवारी ते सांगतात, अडखळत, मधेच पाणी पीत. काही गोष्टी ऐकून मला रडू येतं. काही ऐकून राग येतो, की हे आधी त्या चष्म्यासमोर बोलून झालंय.

परवा मी शनिवारचं उद्यापन करायचं ठरवलं. बाकीचे वार राहू देत. हा एक ज्या कामासाठी धरला होता, ते काम आता दुसऱ्या वाटेने चाललं आहे, मारुतीला कळेल. पुरणाचा घाट घालते आहे. सवाष्ण म्हणून कुणाला बोलवायचं, याची यादी करत ओट्याशी उभी होते.

"शेफाली मॅडमना बोलवू या का?" आमोद म्हणाले. "खरं तर त्यांच्यामुळेच..."

"नको."

"का गं? एवढं केलं त्यांनी."

"दर गुरुवारी तासभर तुम्ही मिळता त्यांना," मी डाळ निवडत म्हटलं. "वर पुरणपोळी कशाला?"

ते हसले, पोटातून, मधेच खोकल्यासारखं अडकत. या खेपेला दाराबाहेर कुणीच नव्हतं, मी आत होते.