मामाचं शून्य

भूल देणाऱ्या डॉक्टरलाच झोप मिळत नाही, यावर वॉर्डातल्या मावश्या पुष्कळ हसून झाल्या होत्या. आता त्यांनाही हसू येत नव्हतं. डॉक्टर रुची चालता चालता भिंतीला टेकायची, टेकल्या टेकल्या डोळे मिटायची आणि कुणी हाक मारली की 'हो, आलेच' म्हणून भलत्याच दिशेला निघायची.

गोंदियातल्या एका दवाखान्यात ती भूलशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि शेवटचं वर्ष म्हणजे थिसिस. विषय तिनेच हौसेने निवडला होता. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशनच्या वेळी जांघेजवळ सुई देऊन पायाची नस बधिर केली, तर नंतरचं दुखणं किती कमी होतं? काहींना ही सुई द्यायची, काहींना नुसती नेहमीची औषधं. मग ठरावीक वेळाने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, तर तुमचं किती? चारच्या वर गेलं की जोराचं औषध मिळे, खाली असलं की नाही. त्या आकड्यांवर तिची परीक्षा अडकली होती, कारण थिसिस जमा झाल्याशिवाय परीक्षेला बसूच देत नाहीत.

आकडा विचारायचं काम खरं तर दुसऱ्या कुणाचं होतं. तिचे गाईड भुपेंद्र सर यांनी बजावून सांगितलं होतं, की सुई देणाऱ्याने दुखणं विचारायचं नाही. आपल्याच पोराचा पेपर आपणच तपासायचा असतो का? म्हणून तिने बाहेरगावच्या एका सहकाऱ्याला ते काम दिलं. पण त्याने हिंदीत 'कितना दर्द है' विचारलं की चिचगडकडचे म्हातारे त्याच्या तोंडाकडे बघत राहत आणि शेवटी म्हणत, 'तुमीच लिवा साहेब, तुमाले समजते.' असं कसं चालायचं? मग रुचीच विचारू लागली. सरांना सांगायचं राहून गेलं, म्हणजे खरं तर तिने राहू दिलं.

तिच्याकडे एक किल्ली होती. सुईला घाबरणारं, संमतीच्या कागदावर अंगठा द्यायला तयार नसलेलं म्हातारं माणूस सालेकशाच्या बाजूचं निघालं, की ती त्याच्या खाटेवर बसून म्हणायची, "मी सालेकशाची भाची आहो जी. माझी माय तिकडचीच." एवढ्यावर काम फत्ते होई. त्या भागात भाची म्हणजे देवाच्या जागी. शंभर बामन जेवू घालण्यापेक्षा एक भाची जेवू घालावी म्हणतात, आणि पिकलेल्या केसांचा मामा परकरातल्या भाचीच्या पाया पडतो. अशा भाचीला नाही कोण म्हणणार?

सालेकशाकडच्या हिरालालनेही नकार दिला नाही. हा धान पिकवणारा म्हातारा पहाटे मोहफुलं वेचायला गेला आणि दवात पाय घसरून मुळीवर आदळला. सुईचं नाव काढताच त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. भाची म्हटल्यावर तोंड वळलं. त्याला वाकता येईना, म्हणून त्याने नुसता हात तिच्या पायांच्या दिशेने लांबवला आणि कपाळाला लावला. बायको रुख्मा मात्र रीतसर खाली वाकली. रुचीला संकोच वाटला, पण अंगठा मिळाला याचं बरंही वाटलं.

ऑपरेशन छान झालं. संध्याकाळी तिने विचारलं, "मामा, किती दुखून राहिलं?"

"शून्य, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी शून्य. दुपारी शून्य. रात्रीही शून्यच. रुचीला माहीत होतं, की नसेच्या सुईचा असर फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत टिकतो. म्हाताऱ्याची नाडी धावतेय, हेही तिच्या बोटांना कळलं होतं. पण थकलेल्या माणसाला गोड तेच खरं वाटतं. सालेकशाकडचे सगळेच शून्य नाहीतर एक सांगत होते. 'हात बसला आपला,' ती मनाशी म्हणाली आणि शून्य लिहून पुढच्या खाटेकडे गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा डबा वॉर्डातच राहिला होता, तो न्यायला ती अवेळी आली. अंगात ॲप्रन नव्हता, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. मावशी हिरालालला उठवून बसवत होती. त्याच्या दातात गमछा होता. घट्ट आवळून धरलेला, एक कडा चावून चावून चिंध्या झालेली. रुख्माने त्याचं डोकं पोटाशी धरलं होतं आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

तेवढ्यात त्याला रुची दिसली. त्याने घाईघाईने गमछा तोंडातून काढला, त्यानेच डोळे पुसले आणि हसला.

"ये बाई," तो म्हणाला. "शून्य."

तिने अजून विचारलंच नव्हतं.

रुची पुढे आली. ती खाटेच्या कडेला बसली. रुख्मा नवऱ्याला म्हणाली, "आता झूट नोको बोलू. झोपला नाही हा मानूस, बाई. रातभर गमछा चावते."

"मंग काऊन सांगितलं नाही, मामी? मी रोज विचारून राहिली ना?"

"कसं सांगू?" रुख्मा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "भाचीले कोनी आपलं दुखनं देते का? भाचीले चांगलं द्या लागते. तुले नंबर पाहिजे होते. शून्य लिवलं का तुह्या तोंडावर कशी रोनक ये. हे म्हने, पोरगी थकून राहिली, आपल्यापाशी दुसरं का हाय द्याले? म्हून तेच देल्लं."

रुचीला स्वतःची भयंकर लाज वाटली. लुगडं नाही, बांगड्या नाहीत. मामाने भाचीला शून्य दिलं होतं, आणि तिने ते दोन्ही हातांनी घेतलं होतं. औषध चार पावलांवरच्या कपाटात होतं. मागायला तिनेच जागा ठेवली नव्हती.

तिने म्हाताऱ्याचा हात हातात घेतला.

"मामा, भाचीनं काही मांगलं तं नाही म्हनता येते का?"

"नाही येत."

"मंग खरं मांगते. किती?"

हिरालालने बायकोकडे बघितलं. रुख्माने त्याला कोपराने हळूच ढोसलं.

"नऊ," तो म्हणाला.

"कव्हापासून?"

"दुसऱ्या सकायपासून. पयला दिवस खरंच शून्य होता, बाई. तुह्या हाताले नाव नोको ठेवू."

ऐकून तिला हसावं की रडावं कळेना. सुईने जेवढं करायला हवं तेवढं चोख केलं होतं, आणि तेवढं खरंखुरं कळायला हा गमछा फाटावा लागला होता. तिने स्वतः जाऊन औषध आणलं, सलाइनमधून सोडलं आणि तिथेच बसून राहिली. हळूहळू म्हाताऱ्याचा जबडा सैल पडला. मुठी उघडल्या. तो झोपला, तेव्हा रुख्माही खाटेच्या पायाला पाठ लावून जमिनीवर बसली आणि बसल्या जागी झोपली.

रुचीचा हिशोब सरळ होता. सालेकशाकडच्या एकाही आकड्यावर आता विश्वास ठेवता येत नव्हता. ते सगळे सोडून द्यायचे, तर थिसिस जवळजवळ पहिल्यापासून, आणि परीक्षा गेली. सरांना सांगायचं होतं, आजच. ते ओरडतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. कुणाला सांगितलं नाही तर कधी कळणारही नव्हतं, हेही तिच्या मनात आलं. तिने झोपलेल्या म्हाताऱ्याच्या उशाचा तो चावलेला गमछा बघितला आणि डबा उचलला.

ती निघाली तेव्हा बाजूच्या खाटेवरून खाकरल्याचा आवाज आला. जागेश्वर होता, आमगावच्या वाटेवर छोटंसं दुकान असलेला, मूळ गाव सालेकशाकडचं सांगणारा. सकाळी त्याने तिला 'एक' सांगितलं होतं आणि वर आशीर्वादही दिला होता. इतका वेळ तो डोळे मिटून पडला होता, पण ऐकत होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "आता मले बी एकडाव पुन्हा इचारता का?"