अकरा वळणं आणि मागचा दांडा

लग्नाला सहा वर्षं झाली तरी सासूबाईंनी आपल्या लेकीचं घर पाहिलं नव्हतं. वाटेत डोंगरात अकरा वळणं लागत. एकदा त्या निघाल्या होत्या, पण चौथ्या वळणावर उलटी झाली, तशा गाडीतून उतरल्या आणि चालत घरी परत गेल्या. नंतर लेकीने विषय काढला की म्हणत, फोनवर दिसतेस की छान.

जावई गॅरेजमध्ये सस्पेन्शनची कामं करायचा. दिवसभर लोकांच्या गाड्यांखाली आडवा. जगाच्या गाड्या नीट करतोस, असं बायको एकदा जेवताना म्हणाली. तेवढं पुरे झालं.

त्याचं निदान सोपं होतं. वळणावर गाडी कलते आणि त्या कलण्याने सासूबाईंचं पोट ढवळतं. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एक पोलादी दांडा असतो, अँटी-रोल बार. गाडी कलू लागली की तो पिळला जातो आणि तिला सरळ धरू पाहतो. दांडा जाड, तर कलणं कमी. मागच्या चाकांचा जाड दांडा गॅरेजमध्ये पडूनच होता. पुढचा मागवायला तीन आठवडे लागणार होते. सहा वर्षं थांबलेल्या माणसाला तीन आठवडे थांबवेना. त्याने मागचा तेवढा बसवला आणि सासूबाईंना कळवलं, पोटातलं पाणी हलणार नाही.

त्या दिवशी रस्ता ओला होता. चौथं वळण गेलं. गाडी टेबलासारखी सपाट. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. जावई अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला आणि त्याने वेग वाढवला. आठव्या वळणावर गाडीचं मागचं अंग सुटलं. गाडी स्वतःभोवती फिरली आणि आल्या वाटेकडे तोंड करून थांबली.

जावयाने हँडब्रेक ओढला.

"मला परत घरी सोडताय का?" सासूबाईंनी विचारलं.

तो नाही म्हणाला, आणि कुठे लागलं का ते विचारलं. लागलं नव्हतं. मळमळतही नव्हतं, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मग नेमकं काय झालं, असं त्यांनी विचारल्यावर त्याने खरं ते सांगितलं. दांडा फक्त मागे जाड केल्यामुळे वळणावर मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार आला आणि पुढच्या चाकांच्या आधी मागच्यांची पकड सुटली.

सासूबाईंनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं.

"म्हणजे कोटाची पाठ घट्ट शिवलीत आणि छाती सैल ठेवलीत," त्या म्हणाल्या. "उसवणार ते पाठीतच."

"हो, आई."

"आणि शिवण ताणून बघितलीत ती गिऱ्हाईक कोटात असताना."

उरलेली वळणं त्याने चालत्या माणसाच्या वेगाने घेतली. घरी पोचताच बायकोला सगळं स्वतःच सांगून टाकलं, कारण नाहीतर सासूबाईंनी सांगितलं असतं. बायको दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. सासूबाईंनी मात्र सगळ्या खोल्या पाहिल्या, सगळी कपाटं उघडली आणि लांब झालेले पडदे उसवून नव्याने दुमडले. पुढचा दांडा आल्याशिवाय जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. तीन आठवड्यांचे पाच झाले.

दांडा आल्यावर त्याने पुढे जाड बसवला आणि मागे मूळचा पुन्हा लावला. मग भर पावसात एकटा जाऊन अकराही वळणं सहा वेळा घेतली. जोरात गेलं तर आता गाडीचं नाक थोडं बाहेर जाई, पण ते आधी कळे आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलता येई. मागून दगा नव्हता.

सासूबाईंना सोडायला निघाला, तर तिसऱ्याच वळणावर त्यांना झोप लागली. त्यांची झोप मोडू नये म्हणून तो इतका हळू गेला की एक सायकलवाला त्याला मागे टाकून गेला. या वेगाला पुढचा जुना दांडाही चालला असता, हे त्याला ठाऊक होतं. ते तो कोणाला बोलला नाही. त्यांच्या दाराशी पोचल्यावर इंजिन बंद करून तो तसाच बसून राहिला, त्यांना आपणहून जाग येईपर्यंत.