एक ऑक्टोबरपासून

चंद्रहास सरांना मीटिंगमध्ये 'नाही' म्हणताना मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही. पुण्यात बसून ते स्क्रीनवर हसतात, मान हलवतात आणि म्हणतात, "होईल." आमच्या धंद्यात ही पद्धतच आहे. आधी काम पदरात पाडून घ्यायचं, पुढचं पुढे. मार्चमध्ये जपानमधल्या चिबात, बेन्तोच्या कारखान्यात पहिली मीटिंग झाली तेव्हा सर पडद्यावर होते आणि कंपनीची इथली इंजिनिअर म्हणून मी प्रत्यक्ष टेबलाशी. हा कारखाना कोनबिनींना, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानांना, जेवणाचे तयार डबे पुरवतो. सरकत्या पट्ट्याच्या शेवटी आठ बायका उभ्या राहून प्रत्येक डबा बघतात. सगळे पदार्थ आहेत ना, केस पडलेला नाही ना, झाकण नीट बसलंय ना. त्यांच्या जागी आमचा कॅमेरा आणि आमचं एआय बसणार होतं.

कारखान्याचे प्रमुख कुरोकावा-सान म्हणजे हळू बोलणारे, टापटीप गृहस्थ. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "हिजिकीचं काय करणार?"

हिजिकी म्हणजे समुद्रातलं काळं शेवाळ, बारीक दोऱ्यासारखं. त्याची एक काडी भातावर सांडली तर हुबेहूब केस वाटतो. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "नो प्रॉब्लेम, कुरोकावा-सान. मॉडेल शिकेल. होईल."

कुरोकावा-सान यांनी मान लववली आणि लिहून घेतलं. आपल्याकडे असलं बोलणं चहाबरोबर संपतं. इथे ते कागदावर चढलं, कागद टेबलाटेबलांवरून फिरला, प्रत्येकाने आपला शिक्का उमटवला आणि तो मुख्य कचेरीत पोचला. एक ऑक्टोबरपासून तपासणीला आठऐवजी दोन माणसं, असं ठरून गेलं. मला त्याच दिवशी सरांचा राग आला होता, पण मीही मूग गिळून बसले.

त्या आठ जणींत पद्मिनी होती. उरायासुत आमच्याच इमारतीत, एक मजला खाली राहणारी. साताऱ्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. नवऱ्याच्या, विलासच्या संशोधनापायी इकडे आली. यंदा विलासच्या संस्थेने त्याला अर्ध्या पगारावर आणलं. सेंदाईच्या विद्यापीठात नोकरीसाठी त्याची मुलाखत जानेवारीत होती, आणि तोवर घर चालणार होतं ते पद्मिनीच्या या आरुबाइतोवर, म्हणजे अर्धवेळ नोकरीवर. हे काम गेलं की सामान बांधून परत भारतात. मुलगा अद्वय दुसरीत होता, इथल्याच शाळेत. आईने मराठीत हाक मारली की जपानीत ओ द्यायचा.

पद्मिनी काही फार तरबेज तपासनीस नव्हती. थंडगार हॉलमध्ये उभं राहून कंटाळायची, मनात अद्वयच्या डब्याचे बेत करायची. एकदा झाकणं उलटी लागलेले डबे तिच्या डोळ्यांदेखत पुढे गेले आणि तिला बोलणी बसली. पण केस तिला दिसायचा. बायकांना दिसतोच.

जूनमध्ये तिने मला लिफ्टमध्ये गाठलं. "अक्षया, खरं सांग. तुमचं ते आलं की आम्हाला काढणार का गं?"

"आधी ट्रायल आहे. पास झाली तर."

"मग नापास कर ना!"

दोघी खूप हसलो. मी तिला मनापासून सांगितलं की ट्रायल फसली तर कुणालाही काढणार नाहीत, जपानी माणसं क्वालिटीच्या बाबतीत फार काटेकोर असतात. माझा त्यावर विश्वास होता.

सप्टेंबरमध्ये ट्रायल झाली आणि पुरती फसली. कोनबिनीचा मेनू दर आठवड्याला बदलतो. मॉडेल एक डबा शिकेपर्यंत दुसरा हजर. त्यात शरदातला भात आला, वर काळे तीळ आणि शेजारी हिजिकी. कॅमेरा कडक लावला की तो चांगले डबे बाजूला ढकलत सुटायचा. सैल केला की आम्ही मुद्दाम टाकलेला केससुद्धा बिनधास्त पुढे सोडायचा. पुण्याची पोरं जीव तोडून काम करत होती, त्यांना बोल लावायला जागा नाही. पण अजून वर्षभराचं काम शिल्लक होतं आणि हातात होता एक आठवडा.

शेवटच्या मीटिंगला मी उभी राहिले. डोकं फिरलेलंच होतं. म्हटलं, "ही सिस्टिम तयार नाही. चांगलं जेवण वाया जाईल आणि केसही सुटतील. वसंतापर्यंत तपासणीतल्या बायकांना राहू द्या. मी हे लेखी देते." स्क्रीनवर सरांचा चेहरा उतरला आणि लगेच माझ्या फोनवर त्यांचा मेसेज आला, "अक्षया, प्लीज."

टेबलाभोवती सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी वाद घातला नाही, कुणी आवाज चढवला नाही. माझं मत फार मोलाचं आहे, असं म्हणून त्यांनी माझे आभार मानले. पुढचा मुद्दा होता, कॅमेरे सुरू करायच्या समारंभाला कुणाकुणाला बोलवायचं.

नंतर कॉरिडॉरमधल्या व्हेंडिंग मशीनपाशी कुरोकावा-सान यांनी मला गरम कॉफीचा कॅन काढून दिला. स्वतः घेतला नाही.

"अक्षया-सान, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मला मार्चपासून शंका होती."

"मग थांबवा ना!"

"वरपर्यंत सगळ्यांचे शिक्के झालेत. सहामाहीचा खर्च आठ माणसं कमी धरून... नाही, सहा, सहा कमी धरून मांडलाय. आता मागे घ्यायचं तर कुणाची तरी चूक होती असं म्हणावं लागेल. तुमच्या कंपनीने होईल म्हटलं. आम्ही हो म्हटलं. आता चूक कुणाची म्हणायची?"

"आणि ते बाजूला पडणारे चांगले डबे?"

"डुकरांच्या खाद्याला जातील. तशी व्यवस्था झाली आहे."

माणूस वाईट असता तर मी भांडले असते. ते तर माझ्यापुढे कमरेत वाकून उभे होते. त्या वाकण्याशी कसं भांडायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी कॉफी न पिता निघाले.

शेवटच्या दिवशी पद्मिनीने तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांना खाऊ वाटला. इथे काम सोडून जाणारा माणूसच मिठाई आणतो, इतके दिवस सांभाळून घेतलंत म्हणून. तिने स्टेशनवरून छोट्या पुड्यांचा खोका आणला होता. कॅमेऱ्याची वायरिंग करणाऱ्यांनाही दिला, मलाही दिला. ज्या दोघी राहणार होत्या त्या रडल्या. पद्मिनी रडली नाही, तिने पांढरी टोपी घडी करून बास्केटमध्ये ठेवली.

तिने दुसरं काम शोधलं. पण शाळेच्या वेळा, व्हिसावर मिळणारे मोजके तास आणि तुटकी जपानी, एवढ्यात बसणारं काही मिळेना. जानेवारीपर्यंत घर चालण्यासारखं नव्हतं, म्हणून नोव्हेंबरात विलासने सेंदाईला कळवून टाकलं की मुलाखतीला येऊ शकत नाही. मी चंद्रहास सरांना सांगितलं, तर ते हळहळले आणि म्हणाले, बघू या काहीतरी, होईल.

रविवारी खाली मोठ्या कचऱ्याच्या जागेपाशी पद्मिनी भेटली. अद्वयचं टेबल उतरवत होती. इथे असं सामान टाकायला पैसे भरून स्टिकर आणावा लागतो, तो तिच्या हातात होता. मी टेबलाची दुसरी बाजू धरली.

"मशीन चांगलं चाललंय ना गं?" तिने विचारलं. "माझ्यापेक्षा बरं बघत असेल तर माझी काही तक्रार नाही. निदान कशासाठी तरी गेली नोकरी."

मला खोटं बोलता आलं असतं. कदाचित बोलायला हवं होतं. पण त्या कारखान्यात इतक्या जणांनी इतक्यांदा मान डोलावलेली पाहिली होती, की आता माझ्याच्याने ते होईना.

"नाही चालत, पद्मिनी. रोज गाडी भरून चांगलं जेवण बाहेर जातं. गेल्या आठवड्यात एका डब्यात केस निघाला, तक्रार आली."



"मग मला का काढलं?"

"तारीख ठरली होती."

ती चिडली नाही. चिडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. तिने स्टिकर टेबलावर लावला, अंगठ्याने नीट दाबला. वर गॅलरीतून अद्वयने जपानीत काहीतरी विचारलं, तिने हात करून त्याला आत जायला सांगितलं.

"अक्षया, हे त्याच्यासमोर बोलू नकोस," ती म्हणाली. "मशीन आईपेक्षा हुशार निघालं म्हणून आपण भारतात चाललोय, असं सांगितलंय मी त्याला. त्याला ते पटलंय."