रिकामा काटा

मित्रांनो, मी हरियाणात, भिवानीतल्या एका बॉक्सिंगच्या आखाड्यातला जुना वजनकाटा आहे. नवा होतो तेव्हा मुलं माझ्या पाया पडून वर चढत. उस्ताद जगबीर म्हणायचे, "माणूस खोटं बोलेल, हा काटा बोलणार नाही." ते ऐकून मी फुलून जायचो. पुढे घाम ठिबकून ठिबकून मी गंजलो, माझी स्प्रिंग सैल पडली. कौतुक मात्र तेच राहिलं.

सुदेश नावाची पोर दहा वर्षांची असताना इथे आली. अठराव्या वर्षी राज्याच्या निवडीची लढत आली. जिंकली तर पोलिसात नोकरी, हरली तर घरचे लग्न लावून देणार. तिचा गट अठ्ठेचाळीस किलोचा होता; त्याहून जास्त भरली तर लढताच येणार नव्हतं.

जूनच्या उन्हात ती दोन स्वेटर घालून पळाली. आईने पाठवलेला तुपातला गोड चुरमा तिने मुलींना वाटून टाकला. शेवटचे दोन दिवस पाणीही बंद केलं. तरी माझी सुई अठ्ठेचाळीसच्या पुढेच!

"अजून शंभरेक ग्रॅम, छोरी," उस्ताद म्हणाले.

"आता काय उरलंय, उस्ताद? थुंकीसुद्धा संपली."

"वेणी आहे की."

तिला थट्टा वाटली. उस्तादांनी खरंच कात्री आणली. वेणी खाली पडली, सुई अठ्ठेचाळीसवर आली आणि मला अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच फेरीत एक साधा ठोसा लागून ती कोसळली. सुकलेल्या मेंदूला तेवढाही सोसला नाही, असं डॉक्टर म्हणाले.

तीन महिन्यांनी आई तिला हाताला धरून आखाड्यात घेऊन आली. डावा पाय ओढत सुदेश सवयीने माझ्यावर चढली.

"बसले का वजनात, उस्ताद?"

"बसलीस, पोरी." उस्ताद आईकडे वळले. "लढतीआधी तिथल्या काट्यावर तर ही सत्तेचाळीसच भरली होती, ताई. किलोभर शिल्लक राहिलं म्हणून आम्ही दोघं हसलो होतो."

आईने तिला खाली उतरवलं आणि ती माझ्याकडे बघतच राहिली.

"यावर आता कोणी नाही ना? मग सुई एकवर का उभी आहे?"

उस्तादांनी वाकून सुई पाहिली.

एक किलो म्हणजे लोटाभर पाणी, मित्रांनो. मला तेल द्या, नका देऊ. पण कुणाला वर चढवण्याआधी रिकाम्या काट्याकडे एकदा बघा.