सरावाची भिंत

मी एक जुनी भिंत आहे, मित्रांनो. भिंतीला कान असतात हे तुम्ही ऐकले असेल. भिंतीला अभिमानही असतो, हे मात्र तुम्हाला कोणी सांगितले नसेल, म्हणून मीच सांगते. माझी एक बाजू स्वयंपाकघरात आहे आणि दुसरी पुढच्या खोलीत. डोक्यावर अख्खा वरचा मजला आहे. इतके ओझे घेऊन मी आजवर एकदाही कुरकुरले नाही.

मला उभारणारा गवंडी मोठा चिकित्सक होता. प्रत्येक वीट तो आधी थापीच्या मुठीने वाजवायचा आणि कान देऊन ऐकायचा. खणखणीत वाजली तर लावायचा, भद्द वाजली तर बाजूला टाकायचा. मुकादम वैतागायचा. "अरे, विटा लावतोयस की गाणं बसवतोयस?" असे ओरडायचा. गवंडी शांतपणे म्हणायचा, "हिच्या डोक्यावर मजला बसायचाय. मी आत्ता ऐकून घेतो, म्हणजे पुढे कोणाला ऐकून घ्यावं लागणार नाही." त्याचे ते शब्द मी आजही विसरले नाही.

मग माझ्यावर गिलावा चढला आणि गिलाव्यावर शोभेचा कागद. पहिला कागद हिरव्या वेलींचा होता. तो लागला त्या दिवशी शेजारपाजारचे मला बघायला आले होते. पुढे घरात माणसे बदलली तसे माझे कपडे बदलले. निळ्या पट्ट्या आल्या, मग तपकिरी चौकटी, मग कसलीशी मोठी मोठी फुले. पण जुना कागद काढायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. सगळे एकावर एक चढवत गेले. मग घर बरीच वर्षे बंद राहिले. खळ सुकली, कागद सुटले आणि माझ्या अंगावर मधोमध एक मोठे पोट सुटले. आता पोट सुटले म्हणून काही हाडे पोकळ होत नाहीत, पण हे लोकांना कोण सांगणार!

अशा अवतारात मी असताना या घरात नवे कुटुंब राहायला आले. आई बस चालवायची. बाबा एका कँटीनमध्ये स्वयंपाकी होते आणि घरीही तेच रांधायचे. त्यांची लेक इतकी चुळबुळी की तिला सगळे भिंगरी म्हणत. आणि आजी, म्हणजे आईची आई. तिची खोली वर, तिचा पलंग बरोबर माझ्या डोक्यावर. तिच्या जिभेला हाड नव्हते, पण मनात कपटही नव्हते. ती पुढच्या खोलीत बसून एकेक किस्सा सांगायची आणि आई व भिंगरी पोट धरधरून हसायच्या.

हसू ऐकले की बाबा झारा हातात घेऊनच धावत यायचे. "काय झालं? मला पण सांगा ना!"

किस्सा पुन्हा सांगितला जायचा. पण शिळ्या किश्श्याला पहिली चव कुठून येणार? बाबा उगीच थोडे हसायचे, आणि तोवर चुलीवरचे करपायचे.

एका संध्याकाळी करपलेले पातेले घासताना ते म्हणाले, "अगं, कँटीनच्या भटारखान्यात मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभा असतो. घरी तरी मला माणसांकडे तोंड करून उभं राहायचंय. ही मधली भिंत काढून टाकू."

आणि त्यांनी बरोबर माझ्या सुटलेल्या पोटावर बोट वाजवले. ढब्ब!

"बघ, पोकळ! प्लायवूडची दिसतेय. येत्या रविवारी घण आणतो. संध्याकाळपर्यंत भिंत साफ!"

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिची वीट न् वीट वाजवून घेतलेली, ती मी पोकळ? पण भिंतीला तोंड नसते. आणि खरे सांगायचे तर नुसता रागच नव्हता, मला भीती वाटली. मी पडले तर माझ्याबरोबर कोण कोण खाली येईल, हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होते.

आई मात्र व्यवहारी बाई. ती म्हणाली, "अहो, बाकीच्या खोल्यांचे कागदही काढायचेत, आणि आपल्याला तर त्यातलं ओ की ठो कळत नाही. आधी हिच्यावर हात बसवू. नाहीतरी पाडायचीच आहे. बिघडली तर बिघडली."

अशी मी सरावाची भिंत झाले. शनिवारी बादलीभर कोमट पाणी, स्पंज आणि खरवडायच्या पट्ट्या घेऊन सगळे माझ्यावर तुटून पडले. आणि काय ते काम! पाणी मुरायच्या आत खरवडायला सुरुवात. पट्टी आडवी धरायची तर हे उभी खुपसणार. माझ्या अंगावर ओरखडेच ओरखडे उठले. कागदाच्या बोटभर चिंध्या निघत होत्या आणि त्याही भिंगरीच्या केसांत जाऊन चिकटत होत्या.

"आई, याच्या आत अजून एक कागद आहे! त्याच्या आत अजून एक!"

"थंडी वाजत असेल गं बिचारीला," आजी खुर्चीतून म्हणाली.

दुपार झाली तसा त्यांना माझा स्वभाव कळू लागला. घाई करणाऱ्याला मी चिंधी देते, थांबणाऱ्याला अख्खा पट्टा देते. आईने पाणी नीट मुरू दिले, पट्टी आडवी सरकवली आणि हिरव्या वेलींचा कागद वरपासून खालपर्यंत अलगद उतरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही मनातल्या मनात वाजवल्या.

बाबांना कुठला दम निघायला! त्यांनी पट्टी जोरात रेटली आणि ताटाएवढा गिलावा धपकन खाली पडला. आत लालभडक विटा दिसल्या.

"अरेच्चा! इथे वीट कशी?" त्यांनी पट्टीच्या मुठीने ठोकून पाहिले. खण्ण! दुसरीकडे ठोकले. खण्ण! त्यांचा चेहरा उतरला.

आई शिडीवर चढली आणि तिने छताला लागून असलेला कागद सोलला. तिथे तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवून पाहिला. मग म्हणाली, "अहो, वरच्या खोलीच्या सगळ्या तुळया हिच्यावरच टेकल्यात."

सगळ्यांनी वर पाहिले. वर आजीचा पलंग होता.

"म्हणजे उद्या मी पलंगासकट स्वयंपाकघरात उतरले असते की जावईबापू!" आजी म्हणाली. "चला, चहा तरी गरम मिळाला असता."

त्यांच्या हातून काम नीट झाले असते, तर तो गिलावा शाबूत राहिला असता आणि दुसऱ्या दिवशी घण पडला असता. त्यांच्या अडाणीपणाने मला वाचवले, आणि त्यांनाही.

बाबा त्या विनोदाला हसले. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "बरं झालं कळलं," आणि वळसा घालून स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने पुढच्या खोलीत पुन्हा हशा उठला. या वेळी ते धावत आले नाहीत. माझ्या पलीकडे झारा नुसता थांबला आणि पुन्हा फिरू लागला. मित्रांनो, जीव वाचल्याचा माझा सगळा आनंद तिथेच ओसरला.

आईनेही ते ऐकले असावे. ती माझ्याजवळ आली, माझ्या उघड्या विटांवर तळवा ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "अहो, भिंत राहू दे. पण हिच्यात मोठी खिडकी तर पाडता येईल ना?"

जाणता गवंडी आला. त्याने आधी दोन्हीकडून भक्कम टेकू लावले, वर लोखंडी तुळई बसवली आणि मगच माझ्या विटा काढल्या. दुखले नाही म्हटले तर खोटे होईल. पण मी अंगावर एक तडा येऊ दिला नाही. काढलेल्या विटा अंगणात रचल्या तेव्हा भिंगरी चमचा घेऊन धावली आणि एकेक वीट वाजवून कान देऊन ऐकत बसली. तिला हे कोणी शिकवले नव्हते. एकही वीट भद्द वाजली नाही! आज त्याच विटांची पायरी मागच्या दाराशी आहे.

बाकीच्या खोल्यांच्या भिंती आता कशा तुळतुळीत आहेत. पाहुणे त्यांचे कौतुक करतात. करू देत. हात बसला तो माझ्यावर बसला! माझे ओरखडे रंगाखालूनही दिसतात. ताटाएवढा खड्डा बुजवायला आई निघाली, तर बाबांनी तिला अडवले. "तो राहू दे. त्याच्यामुळे छप्पर डोक्यावर आहे," ते म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी जुनी भिंत असेल, जुने दार असेल, नाहीतर एखादे जुने माणूस असेल. वरून एकदा वाजवून त्याला पोकळ म्हणू नका. थोडे पाणी मुरू द्या, थांबा, आत काय आहे ते पाहा.

आता बाबा खिडकीशी उभे राहून, माणसांकडे तोंड करून रांधतात. काल त्यांनी फोडणी देता देता कँटीनमधला एक किस्सा सांगितला आणि आई व भिंगरी अशा हसल्या की माझ्या दोन्ही बाजू दणाणून गेल्या. तेवढ्यात वरून जिना उतरत, धापा टाकत आजी आली.

"काय झालं? मला पण सांगा ना!"

बाबांनी चूल बारीक केली आणि तो किस्सा तिला पहिल्यापासून पुन्हा सांगितला.